उजव्या बाहीचं फिटिंग

आमच्या दुकानात माप घ्यायचे मास्तर, कापायची मी, आणि शिवायचे परत मास्तर. मास्तर म्हणजे माझे यजमान. चाळीस वर्षं हा क्रम मोडला नव्हता. गिऱ्हाईक कौतुक करायचं ते मास्तरांचं. पण कोट अंगावर नीट बसला तर तो कात्रीमुळे बसतो, हे मास्तरांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. दोघांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. त्यामुळे संसार बरा चालला.

मग माझ्या उजव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, मशीनखाली झोपून शेक झाले. केस गेले आणि परत आले, तेही कुरळे, जन्मात कधी नव्हते तसे. सगळ्यातून मी बरी निघाले. पण डॉक्टरांनी छातीतल्या गाठीबरोबर काखेतल्याही गाठी काढल्या होत्या. हातातलं पाणी ज्या वाटेने परत वर जायचं ती वाटच अरुंद झाली, आणि वर्षभराने उजवा हात सुजला. डॉक्टरांनी त्याला लिम्फिडिमा म्हटलं. घरात ते नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही आपलं सूजच म्हणत राहिलो.

त्या दिवसापासून माझा उजवा हात घरात जावयासारखा राहू लागला. बसला की त्याच्याखाली उशी. कुणी त्याला काम सांगायचं नाही, त्याने काही उचलायचं नाही, दुखतंय का म्हणून दिवसातून चार वेळा चौकशी. डावा हात बिचारा सुनेसारखा राबतोय, असं मी एकदा बोलून गेले.

"आई, मी इथेच बसलेय," काजं करता करता आमची सून म्हणाली.

"तुला नाही गं म्हटलं. हाताला म्हटलं."

"हो, कळलं ते."

माझी सेवा करायला म्हणून माझी नणंद येऊन राहिली होती. वन्सं स्वभावाने प्रेमळ, पण त्यांचं प्रेम पोलिसासारखं, चोवीस तास ड्यूटीवर.

"वहिनी, ठेव तो कप खाली."

"अहो वन्सं, रिकामा आहे."

"रिकामा असला तरी कप आहे. आमच्या शेजारची अशीच कप उचलायला गेली. हात हा एवढा झाला." वन्संनी दोन्ही हातांनी जो आकार दाखवला तो हाताचा नव्हता, गादीच्या लोडाचा होता.

मला कपाचं काही नव्हतं. मला कात्री हवी होती. बारा इंची, लोखंडी, माझ्या अंगठ्याने जिची कडी झिजून गुळगुळीत झाली आहे ती. ऑपरेशनपासून कापायचं काम मास्तर करत होते आणि त्यांच्या कापण्याबद्दल मी काही बोलत नाही. एवढंच सांगते, की एका गिऱ्हाइकाने नवी पँट घातली आणि आम्हाला विचारलं, "यातून चालायचं कसं?"

शेवटी मास्तरांनी मला समोर बसवलं. "हे बघ, दवाखान्यात ती हातवाली मॅडम आहे म्हणतात. तिच्याकडे जाऊ. दीड महिना ती सांगेल ते कर. हात उतरला तर टेबल तुझं. वाढला तर मी नवा कटर ठेवणार, कायमचा. मग मला दोष द्यायचा नाही."

मी कबूल झाले. दीड महिना म्हणजे काय, पाहता पाहता जाईल असं वाटलं.

हातवाल्या मॅडम वयाने माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी टेप काढली आणि मनगटापासून काखेपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर दोन्ही हात मोजले. मास्तर शेजारी उभे. दुसऱ्याच्या हातात टेप पाहिली की त्यांना राहवत नाही.

"मॅडम, टेप जरा तिरकी गेलीये."

मॅडमनी टेप सरळ केली.

"आणि कोपराजवळ हात थोडा वाकवून घ्या. बाही तिथेच अडते."

"काका, मी बाही नाही शिवत. मी सूज मोजतेय."

मग मास्तरांनी प्रत्येक आकडा तोंडातल्या तोंडात पाठ केला. उजवा हात डाव्यापेक्षा अडीच सेंटीमीटर जाड निघाला.

मग मॅडमनी सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत सरळ झाले. हात वापरायचा. ठेवून द्यायचा नाही. मुठी उघडायच्या, मिटायच्या, खांदे फिरवायचे, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, आणि मग वजन उचलायचं. आधी अर्धा किलो, झेपेल तसं हळूहळू वाढवत. "स्नायू हलले की ते पंपासारखं पाणी वर ढकलतात. आणि ही बाही बाहेरून दाबून धरते, म्हणजे पाणी मागे फिरत नाही. व्यायामाला बाही घालायचीच. हात जड वाटला, ताठला, तर वजन कमी करायचं. लाल झाला, गरम झाला, ताप आला, तर लगेच इकडे यायचं, घरी औषध करत बसायचं नाही."

"पण सगळे म्हणतात काही उचलू नका," मी म्हटलं.

"पूर्वी आम्हीसुद्धा तेच सांगायचो. आता तपासून पाहिलंय. हळूहळू वाढवत उचललं तर त्याने सूज वाढत नाही."

बाही म्हणजे अंगाच्या रंगाची, जाड विणीची, मनगटापासून काखेपर्यंतची नळी, मागून एक लांब शिवण. ती चढवायला हातात रबरी मोजे घालून मला आणि सुनेला मिळून दहा मिनिटं लागली. मास्तर बघत होते. चाळीस वर्षं ज्या माणसाने लोकांना कपडा कुठे काचू नये म्हणून जीव टाकला, त्याला ते बघवेना.

"ही काय फिटिंग आहे? बोटसुद्धा जात नाही आत."

"जायला नकोच आहे," मॅडम म्हणाल्या.

"एवढी घट्ट बाही मी दिली असती तर गिऱ्हाइकाने दुकान पेटवलं असतं."

घरी आल्यावर व्यायामाला सुरुवात झाली आणि घरात दोन पक्ष पडले. सून माझ्या बाजूने. वन्सं विरुद्ध. मास्तर मधे, म्हणजे वन्संच्या बाजूने. मॅडमनी दिलेली अर्ध्या किलोची डंबेल वन्संनी दुसऱ्याच दिवशी उचलून कुठेतरी ठेवली. विचारलं की म्हणायच्या, "मी तुझं भलं बघतेय," आणि डंबेल कुठे ठेवली ते काही सांगायच्या नाहीत.

मग मी कापडाची एक लांबट पिशवी शिवली. डाव्या हाताने मशीन चालवून शिवली, म्हणून तिचा एक कोपरा दुसऱ्याशी बोलत नव्हता. तिच्यात दुकानातली बटणं भरली. तराजूवर अर्धा किलो झाली की तोंड बांधलं. सकाळी मास्तर दुकानाचं शटर उघडायला गेले आणि वन्सं अंघोळीला गेल्या, की मी भिंतीला पाठ लावून बटणं वर, बटणं खाली. सून दारात बसून काजं करायची आणि नळ बंद झाला की खोकायची. दर आठवड्याला हात कुरकुरला नाही तर मी आणखी दोन मुठी बटणं घालत होते. हे इतकं सोयीचं वजन आहे की मॅडमनाही सुचलं नव्हतं.

फक्त चौथ्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा ओव्हरकोट तयार झाला आणि मास्तर बटणांचा डबा उपडा करून बसले.

"मोठी काळी आठ बटणं होती. चार छिद्रांची. मी स्वतः ठेवली होती."

"असतील कुठेतरी," सून म्हणाली.

"कुठेतरी म्हणजे कुठे? इथे तर डबाच अर्धा झालाय. उंदीर बटणं खातो का?"

वन्सं म्हणाल्या, "दादा, काळी काय आणि तपकिरी काय, कोण बघतंय." त्यावर भाऊ-बहिणीत अर्धा तास भांडण झालं, तेवढ्यात मी पिशवी सोडून आठ काळी काढली आणि सुईच्या डब्यात सापडली म्हणून आणून दिली. मास्तरांनी ती हातात घेतली. गरम होती.

व्यायाम सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील तेव्हापासून बाही एकदम छान बसू लागली. आधी हातावर वळ उठायचे, आता नाही. चढवायलाही एकटीला जमू लागली. मला वाटलं हात उतरला. मी मनातल्या मनात कात्रीला तेलसुद्धा घातलं.

दीड महिन्याने मॅडमनी टेप लावली. एकदा लावली. परत लावली. मग वही बघितली.

"चार," त्या म्हणाल्या. "अडीच होता फरक, आता चार आहे."

वन्सं बरोबर आल्या होत्या. त्यांनी फक्त पदर सारखा केला. बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

मॅडम विचारात पडल्या. "असं व्हायला नको होतं. व्यायाम बंद नका करू, वजन तेवढं कमी करा. बाही रोज घालताय ना? नीट बसतेय?"

"आता मस्त बसते," मी म्हटलं. "पहिल्यासारखी काचत नाही."

"सहा आठवड्यांत सैल पडली? कंपनीला विचारायला हवं. याच मापाची दुसरी मागवते, पंधरा दिवसांत येईल." त्यांनी बाही हातावरच ओढून बघितली, मान हलवली. मास्तर तेव्हा भिंतीवरचं माणसाच्या स्नायूंचं चित्र फार लक्ष देऊन वाचत होते. मला वाटलं मापाचा विचार करताहेत.

घरी 'व्यायाम बंद नका करू' हे वाक्य पोचलंच नाही. वाटेत वन्संनी ते उतरवून ठेवलं असावं. घरी पोचलं ते फक्त 'वाढला'. बटणांची पिशवी सापडली, बटणं डब्यात परत गेली आणि तिसऱ्या दिवशी नवा कटर आला.

माणूस पन्नाशीचा, चष्मेवाला, वाईट नव्हता. पण प्रत्येक रेघ खडूने तीनदा काढायचा आणि कापताना स्वतःशी बोलायचा, "इथून, हां, इथून, नको, इथून." मी उशीवर हात ठेवून समोर बसले होते. माझ्याच टेबलासमोर पाहुणीसारखी. तो बाहीचा घेर कापड वाया घालवून कापत होता आणि मला ते दिसत होतं, आणि तोंड उघडायची सोय नव्हती, कारण बोललं तर म्हणतील हिचा जीव जळतो. जळतच होता.

"काकू," तो एक दिवस म्हणाला, "माझी कात्री हलकी पडते. ती भिंतीवरची मोठी घेऊ का?"

दुकानातली मशीन थांबली. मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारपासून घ्या. सोमवारी तुम्हाला कायम करतो."

मी उठले आणि आत गेले. रडले नाही. रडायला डोळे पुसावे लागतात आणि तेसुद्धा डाव्या हाताने पुस म्हणाल्या असत्या वन्सं.

शनिवारी दवाखान्यातून नवी बाही आली. सुनेने आणली. मी घालायला गेले तर ती चढेना. पहिल्या दिवसासारखी दहा मिनिटं, दोघींची ओढाताण, आणि घातल्यावर तेच काचणं.

"चुकीचं माप पाठवलं," मी म्हटलं.

सुनेने दोन्हींवरची चिठ्ठी वाचली. "आई, माप तेच आहे. दोन्हींचं."

चाळीस वर्षं कापड कापलेल्या बाईला एकच गोष्ट येते. जेवायला गेलेल्या कटरच्या टेबलावर मी दोन्ही बाह्या एकावर एक पसरल्या, कोटाच्या दोन बाजू जुळवतात तशा. मनगटाशी जुळल्या. कोपराच्या वर जुनी बाही नवीपेक्षा बाहेर आली. सरळ अर्धा इंच.

सैल पडलेलं कापड सगळीकडून सैल पडतं. एका जागी अर्धा इंच पडत नाही. मी बाही उलटी केली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. शिवणीच्या कडेला एक लांब, बारीक कळी होती, घेर वाढवायला मधे घालतात तशी पट्टी, अंगाच्याच रंगाच्या ताणाच्या कापडाची. मागे शाळेच्या नाचाचे कपडे शिवले होते त्यातलं उरलेलं. टाका इतका बारीक की नजरेला दिसत नव्हता. अंगठ्याला मात्र लागला. तो टाका मी अंधारातही ओळखेन. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या कोटाला तोच होता.

"अहो," मी हाक मारली. "जरा इकडे या."

मास्तर आले. टेबल बघितलं. परत जायला वळले.

"थांबा. ही कळी कुणी घातली?"

"कळी? कसली कळी? कंपनीची असेल."

"कंपनी तुमचा टाका घालते?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वन्सं आतून आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. सुनेने काजं खाली ठेवली.

"तुझ्या हातावर वळ उठले होते," मास्तर म्हणाले. "लाल. मला बघवेना. तू अंघोळीला गेलीस तेव्हा बाही दोरीवर होती. उसवली, अर्धा इंच वाढवली, परत शिवली. पंचवीस मिनिटं."

"दाब द्यायला दिली होती ती."

"मला काय माहीत. घट्ट कपडा माझ्याकडे आला तर मी सैल करतो. दुसरं येतं काय मला?"

मी बाही परत सुलटी केली. मग मास्तर जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तुला दिसली का पण? खरं सांग. डोळ्यांना दिसली?"

"नाही. अंगठ्याला लागली."

"मॅडमनाही नाही दिसली," ते म्हणाले, आणि तोंड इतकं समाधानी झालं की मला ती बाही त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. मी घातलीही. हलकी असते, लागत नाही.

"उजव्या हाताने मारलंस, वहिनी," वन्सं दारातून म्हणाल्या.

सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो. मी ठरवलं होतं, आपण बोलायचं नाही, ज्याने शिवलं त्याने सांगायचं. मास्तरांनी बाही मॅडमच्या टेबलावर ठेवली, उलटी केली आणि शाळेत छडी खाणाऱ्या पोरासारखे उभे राहिले.

मॅडमनी कळीवर बोट फिरवलं.

"काका, आणखी काही सैल केलंय का घरात?"

"नाही."

"एवढ्यासाठी मी कंपनीला दोन पत्रं लिहिली. सज्जन माणसं, त्यांनी माफी मागितली." त्यांनी बाही घडी करून कपाटात ठेवली. "ही मी ठेवून घेते. पेशंटच्या घरच्यांना दाखवायला."

"दाखवा," मास्तर म्हणाले. "पण सांगू नका कुठल्या दुकानाची." मग दारातून परत वळले. "आणि टाका विचारला कुणी, तर सांगा."

कात्री भिंतीवरच राहिली. मास्तरांनी कटरला सांगितलं, महिनाभर थांबा. त्यानेही बरं म्हटलं. आता मी व्यायाम उघडपणे करत होते, नव्या बाहीत, अर्ध्या किलोपासून परत. वन्संनी डंबेल आणून दिली. धान्याच्या पिंपात होती. "मला वाटलं वेळ आली की देऊ," त्या म्हणाल्या. वेळ कशी ओळखणार होत्या ते मी विचारलं नाही. पण त्या सकाळी माझ्यासमोर खुर्ची टाकून बसू लागल्या आणि मोजू लागल्या. माझी आठ झाली की त्या सहा म्हणायच्या. प्रेमळ बाई, पण मोजणीत कडक. महिना संपायच्या आधी मी मॅडमकडून आणखी एक डंबेल आणून त्यांच्या हातात दिली. पहिल्या दिवशी त्या तीनदा उचलून म्हणाल्या, "यात काय एवढं," आणि दुपारभर झोपल्या.

चार आठवड्यांनी मॅडमनी टेप लावली. मास्तर शेजारी होते, पण तिरकी गेली तरी बोलले नाहीत. फरक दोनवर आला होता.

"दोन म्हणजे अजून आहेच की," वन्सं म्हणाल्या.

"हो," मॅडम म्हणाल्या. "थोडी राहीलही कदाचित. बाही आणि व्यायाम सोडायचा नाही. पण कापायला हरकत नाही. पंधरा मिनिटं कापा, मग थांबा, हात वर, मुठी उघडा-मिटा. हळूहळू वाढवा. एकदम दिवसभर उभ्या राहू नका."

म्हणून नवा कटर दुपारपुरता राहिला आहे. जाड कापड त्याच्याकडे, सकाळ माझी. त्याच्याशी माझं आता बरं जमतं. खडूने तीनदाच्या ऐवजी दोनदा रेघ काढायला मी त्याला शिकवलं आहे.

पहिल्या सकाळी एका जाड्या माणसाचा कोट होता. मी बाही चढवली, वर कामाचा अंगरखा घातला, कात्री काढली. जड वाटली, खरं सांगते. अंगठा कडीत गेला आणि मग तेवढी जड वाटली नाही. सून घड्याळ घेऊन बसली होती. वन्सं दारात. कापडाच्या चार थरांतून कात्री गेली तो आवाज दुकानभर झाला. पंधरा मिनिटांत दोन्ही पुढच्या बाजू सुटल्या. मी हात वर केला आणि मुठी उघडत-मिटत उभी राहिले, बस थांबवतात तशी.

मास्तरांनी तुकडे नेले, मशीनवर ठेवले, उलटेपालटे केले. टेप लावली. चष्मा कपाळावर घेतला.

"डावा खांदा पाव इंच खाली गेलाय," ते म्हणाले.

"काही गेलेला नाही."

"मी सांगतो ना. हे बघ."

"त्या माणसाचा खांदाच खाली आहे. तुम्हीच माप लिहून दिलंय."

"मी असं लिहीनच कशाला? मला काय दिसत नाही?"

"वही काढा."

त्यांनी वही काढली. सगळे पान बघायला वाकलो. मास्तरांनी वाचलं, वही मिटली आणि मशीन सुरू केली.

"काय लिहिलंय, दादा?" वन्संनी विचारलं.

"काम करू द्या मला," मास्तर म्हणाले. "आणि त्या बाईला सांगा, मुठी पुष्कळ झाल्या. पाठ आणि बाह्या अजून कापायच्यात."